पांगोला काय कळलं

आमच्या कुत्र्याला शिकवणीला घातलं आणि पापांनी जेवण सोडलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही तेच विचारत होते. नवऱ्याला विचारलं, आत्याला विचारलं, नर्सबाईला विचारलं, शिकवणीवाल्या बाईला फोन करून विचारलं. जो तो छातीठोक काहीतरी सांगायचा आणि माझं डोकं आणखीच भणभणायचं.

शिकवणी म्हणजे किवीची शिकवणी. इथे आमच्या होकियांगा भागात ज्याच्याकडे रानडुकराच्या शिकारीचा कुत्रा आहे त्याला ती चुकत नाही. रानात किवी पक्षी आहेत, ते उडत नाहीत, आणि कुत्र्याने नुसतं तोंडात धरलं तरी मरतात. म्हणून वनखात्याचा नियम असा की कुत्र्याला किवीपासून लांब राहायला शिकवा, पास झाल्याचा कागद घ्या आणि मगच रानात पाऊल टाका. कागद नाही तर डुक्कर नाही. आणि डुक्कर नाही तर माझा नवरा होआनी रविवारी घरात बसून माझं डोकं खाणार. तेव्हा पांगोला शिकवणीला घालण्यात माझाही स्वार्थ होता, खोटं कशाला बोलू.

कुत्रा तसा पापांचा. होआनी त्याला शिकारीला नेतो, पण झोपणं, फिरणं, पावाचा तुकडा खाणं सगळं पापांबरोबर. आई गेल्यापासून तर पापा आमच्याशी जेवढं बोलत नसत तेवढं त्याच्याशी बोलत. त्यामुळे शिकवणीच्या दिवशी दोरी कोण धरणार यावरून वाद झाला.

"तुम्ही नका जाऊ," मी म्हटलं. "त्याला चटका बसतो तिथे. तुम्हाला बघवणार नाही."

"माझा कुत्रा, दोरी माझ्या हातात," पापा म्हणाले. "तू तुझी शाळेची गाडी हाक."

मी गाडी हाकली, पोरं सोडली आणि मैदानावर पोचले तोवर त्यांची पाळी आली होती. शिकवणीवाली ग्वेंडा नावाची उंच गोरी बाई. तिने पांगोच्या गळ्यात पट्टा बांधला. पट्ट्यात विजेचा झटका आणि बटण हिच्या हातात. वाटेवर गवतात तिने पेंढा भरलेला एक किवी ठेवला होता, पुढे बर्फातून काढलेला एक मेलेला, आणि एका जागी त्यांच्या घरट्यातला पालापाचोळा. पांगो नाक खाली घालून रुबाबात निघाला, पहिल्या पक्ष्यापाशी थांबला, हुंगलं, आणि ग्वेंडाने बटण दाबलं. असा केकाटला की बाकीचे कुत्रे गप्प झाले. पापांचं तोंड उतरलं. दुसऱ्या फेरीला त्याला लांबूनच वास लागला आणि तो एवढा मोठा वळसा घालून गेला की पापा दोरीमागे फरफटले. सगळे हसले. ग्वेंडा म्हणाली, "हुशार आहे, एका झटक्यात शिकला." कागद मिळाला, येताना मासे आणि बटाटे घेतले, घरी मजेत खाल्ले.

आणि त्याच आठवड्यात एके सकाळी पापा नेहमीसारखे चहाचा मग आणि पावाचा कडेचा तुकडा घेऊन ओट्यावर आले. पांगो उठला, शेपूट हलवत दोन पावलं पुढे आला, आणि मधेच थांबला. नाक वर केलं. शेपूट पायांत घातली आणि खांबांवर उभ्या असलेल्या आमच्या घराखाली जाऊन बसला.

"काय रे, कुणाशी भांडलास?" पापा हसले. तुकडा हातात तसाच.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पापा वाकून घराखाली बघत, हाका मारत, चुटक्या वाजवत. आतून फक्त त्याचे डोळे दिसायचे. मी बाहेर आले की लगेच सरपटत यायचा, माझे हात चाटायचा, होआनीच्या अंगावर उड्या मारायचा. फक्त पापांचं वावडं.

पापा हसायचे थांबले. मग एका दुपारी त्यांनी होआनीला हाक मारली आणि आपला मासळीचा पिंजरा, ज्याला ते मला कधी बोटसुद्धा लावू देत नसत, तो त्याच्या हातात ठेवला.

"घे. तुला होईल."

"मला कशाला? तुम्ही जाता की रोज नदीवर."

"आता नाही जात."

नंतर करवत शेजाऱ्यांकडे गेली. चांगली टोपी कुणालातरी दिली. ताटात मटण-रताळी वाढली की दोन घास खाऊन ताट सारायचे. मला संताप आला. स्वयंपाकघरात मी त्यांना धरलंच.

"काय चाललंय पापा? घर विकायला काढलंय का?"

"ओरडू नकोस, पिरी." मी पिरिहिरा, पण घरात पिरी. "माझे वडील गेले तेव्हा तू जन्मली नव्हतीस. त्यांचा कुत्रा त्यांच्या पायाशी झोपायचा. शेवटच्या आठवड्यात उठला आणि कुंपणापाशी जाऊन बसला, परत म्हणून आला नाही. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. कुत्र्याला माहीत होतं."

"डोंबल माहीत होतं! कुंपणापाशी ससा असेल."

"तुला सगळंच माहीत असतं," ते म्हणाले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. पापा एकदा मनाने घेतलं की घेतलं, त्यात बदल नाही. आई गेल्यावर त्यांनी चहात साखर सोडली ती सोडलीच. आता जगणं सोडायचं ठरवलं तर मी काय करणार होते? काही झालं तरी त्या कुत्र्याला त्यांच्याजवळ परत आणायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं.

आधी नर्सबाईला बोलावलं. तिने पापांना आडवंतिडवं तपासलं. "यांचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे," म्हणाली. पापा तिच्याकडे असे बघत होते की बिचारी पोर आहे, हिला काय कळतंय. मग मला वाटलं, गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास असेल. मलम बंद केलं. साबण बदलला. कपडे उकळून काढले. पांगोला शिंकसुद्धा आली नाही, तो आपला घराखाली.

बरं, सरळ तरी वागावं ना मेल्याने! तेही नाही. सकाळी पापा खोलीतून आले की हा जीव घेऊन पळायचा. पण पापा दिवसभर शेडमध्ये, वाऱ्यात, मासे धुरावणाऱ्या पेटीपाशी बसले असले की संध्याकाळी हळूहळू जवळ यायचा. हाताच्या अंतरावर येऊन मान लांब करून हुंगायचा. एकदा तर त्यांच्या बुटावर हनुवटी ठेवली. पापांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सुटले! त्या दिवशी पापा दोन वाट्या सूप प्याले. आणि सकाळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पापांनी तुकडा ओट्यावर ठेवला आणि आत निघून गेले. त्यापेक्षा संध्याकाळी आला नसता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

"सकाळी एक आणि संध्याकाळी एक, हे कुठलं कुत्रं?" मी होआनीला म्हटलं.

"तूही सकाळी वेगळी आणि संध्याकाळी वेगळी असतेस," तो म्हणाला. त्याला मी टॉवेल फेकून मारला.

शेवटी ग्वेंडाला फोन लावला.

"झटका बसला तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं?" तिने विचारलं.

"माझे वडील. दोरी त्यांच्या हातात होती."

"मग झालं तर. कुत्र्याला वाटतं दुखणं त्यांच्याकडून आलं. असं सहसा होत नाही, पण होतं. आठवडाभर त्याला फक्त त्यांच्या हातून खायला द्या."

"पण मग संध्याकाळी कसा येतो त्यांच्याजवळ?"

"संध्याकाळी येतो?"

"येतो."

"मग मला नाही कळत," ती म्हणाली. निदान खरं तरी बोलली.

पापांना मी हे सांगितलं ते चांगलं म्हणूनच. कुत्रा रुसलाय, बाकी काही नाही. ते म्हणाले, "रुसला असता तर माझ्याकडे बघितलं नसतं. तो बघतो, पिरी. बघतो आणि घाबरतो." तरी मी हट्टाने थाळी त्यांच्याच हातात दिली. सकाळी पांगो उपाशी राहायचा, संध्याकाळी अधाशासारखा गिळायचा. एकाच घरात दोन उपाशी जीव, आणि मी मधे थाळ्या घेऊन उभी. मला रडू यायचं ते रागानेच.

मग वायराता आत्याला सुगावा लागला. ही पापांची धाकटी बहीण, आमच्याकडचं सगळं सोवळं-ओवळं हिच्या हातात. काय कुठे ठेवायचं, कशाला शिवायचं नाही, कुणाच्या डोक्यावरून काय न्यायचं नाही, हिला विचारल्याशिवाय गावात पान हलत नाही. ती आली ती पाण्याचं भांडं घेऊनच. प्रत्येक खोलीत प्रार्थना म्हणत पाणी शिंपडलं. पापांच्या खोलीच्या दारात आली तर पापा आडवे उभे.

"इथे नको."

"का नको? इथेच तर झोपतोस."

"पसारा आहे."

"मी काय तुझा पसारा पहिल्यांदा बघतेय? लहानपणी तुझे मोजे मीच शोधायचे."

"वायराता, नको म्हटलं ना!"

पापा बहिणीवर कधी आवाज चढवत नाहीत. आत्याने दारातूनच थोडं पाणी उडवलं. जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "त्याने मनाने जायचं ठरवलंय. तुझ्या आईच्या मागे जायचंय त्याला. तू तयारी ठेव." तिने असं म्हणावं? मी तिला धड निरोपही दिला नाही. दार आपटून गाडीत जाऊन बसले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मला काही म्हणता काही कळत नव्हतं. आजार नाही, रुसवा नाही, वास नाही, प्रार्थनेने फरक नाही. आणि माणूस मात्र डोळ्यांदेखत वाळत चाललाय.

पुढच्या शनिवारी आत्याची मुलगी काहुरांगी आली. ही विणकाम करते, पिसांच्या शाली विणणारी आमच्या भागात तीच एक उरली आहे. गाडीतून उतरली, खांद्याला कापडी पिशवी. पांगोचा तिच्यावर भारी जीव. तो अंगणातून धावत तिच्याकडे सुटला, आणि अर्ध्या वाटेत जणू भिंत लागली. नाक वर. केकाटला. शेपूट पायांत घालून घराखाली!

"अगंबाई! याला काय झालं?" काहुरांगी म्हणाली.

मी पायऱ्यांवर उभी होते. माझ्या हातातली बादली तशीच राहिली.

"पिशवीत काय आहे गं?"

"पिसं. मामीच्या शालीची उरलेली. म्हटलं मामांकडे ठेवून द्यावीत, पुढे लागली तर."

"कसली पिसं?"

"ताई, बरी आहेस ना? किवीची, आणखी कसली? ती शाल किवीच्याच पिसांची नाही का? खांद्यापाशी कसर लागली होती, तिथे नवी लावली. वनखात्याने दिला होता एक, गाडीखाली सापडलेला. मामींच्या शालीचं काम म्हणून मी सगळं सोडून आधी तेच केलं."

आईच्या माहेरची ती शाल. पणजीने विणलेली. आई गेली तेव्हा दर्शनासाठी तीन दिवस सभाघरात ठेवलेल्या तिच्या अंगावर तीच होती, आणि माती देण्याआधी आत्याने ती काढून घेतली. दुरुस्तीला काहुरांगीकडे दिली होती.

"परत कधी आणून दिलीस?"

"झाले की दिवस. तुमच्या पांगोची शिकवणी झाली ना, त्याच आठवड्यात. तू गाडी घेऊन गेली होतीस. मामांच्याच हातात दिली, ते म्हणाले पेटीत ठेवतो."

मी बादली टाकली आणि बाहेरच्या खोलीत गेले. पेटी उघडली. आत पांढरी चादर, नीट घडी केलेली. बाकी काही नाही.

पापा आपल्या खोलीत पलंगावर बसले होते. मी दार न वाजवता आत शिरले.

"उठा पापा."

"कशाला?"

"पलंग बघायचाय."

"पलंगाला काय झालंय?"

"उठा म्हणते ना."

"पाय दुखतायत."

"आत्ता चहाला चालत आला होतात!"

ते हलेनात. चोरी पकडलेल्या पोरासारखे दोन्ही हात मागे टेकून बसले. मी त्यांच्या बाजूने वाकून पांघरूण ओढलं. आईच्या बाजूला, जिथे ती झोपायची तिथे, शाल पसरलेली होती, आणि गळ्याची कड उशीवर. रात्रभर त्यावर डोकं ठेवून झोपल्याने पिसं चपटी झाली होती.

देवा! अंथरुणात! ही वस्तू आम्ही हात धुतल्याशिवाय उचलत नाही, जेवणाच्या खोलीतून नेत नाही. आत्याला कळलं असतं तर तिने पाण्याचं भांडं पापांच्या डोक्यातच घातलं असतं. मी ओरडायला तोंड उघडलं, आणि पापांकडे बघून मिटलं.

"गळ्यापाशी तिचा वास आहे अजून," ते म्हणाले. "काहुरांगीने तेवढा भाग धुतला नाही. पावडर लावायची ना ती, तो. आणि चुलीचा." त्यांनी पिसांवरून हात फिरवला. "तो वास आला की मला झोप येते. नाही आला तर नाही येत. आयुष्यभर तसंच झोपलो, आता या वयात नवं कुठून शिकू?"

मला रडूही आलं आणि हसूही आलं, आणि हसूच जास्त आलं, कारण मला सगळं लख्ख दिसत होतं. रात्रभर पापा किवीत लोळायचे आणि सकाळी तोच वास घेऊन पावाचा तुकडा द्यायला यायचे! संध्याकाळपर्यंत वारा आणि धूर तो पुसून टाकायचे. मी त्यांचे खांदे धरले.

"पापा, तो तुम्हाला घाबरत नाही हो! पक्ष्याला घाबरतो! त्याला शिकवलं तेच तो करतोय. तुमच्या अंगाला किवीचा वास येतो, बस्स, एवढंच! तुम्ही मरत-बिरत नाही!"

ते माझ्याकडे बघत राहिले.

"नक्की?"

"शंभर टक्के. काहुरांगीची पिशवी बघून आत्ता पळाला. तिला का मरण आलंय?"

"म्हणजे पांगोला काही माहीत नाही."

"कुत्र्याला काय माहीत असणार, पापा?"

"हं," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, आता फार लांब नाही."

मला वाटलं, सुटकेने म्हणाले. मी त्यांच्या डोक्याचा मुका घेतला आणि नाचत बाहेर जाऊन सगळ्यांना ओरडून सांगितलं. काहुरांगी हसून हसून पायरीवर बसली. होआनीने घराखाली वाकून पांगोची माफी मागितली. पापांनी स्वतः शालीची घडी घातली, फार हळूहळू, आणि काहुरांगीच्या हातात दिली. आत्याला काही बोलायचं नाही, असं आम्ही ठरवलं. मग मी गादी उन्हात घातली, उश्या जाळल्या, भिंती पुसल्या, पापांना कढत पाण्याने अंघोळ करायला लावली. ते सांगेन ते करत होते. एवढं ऐकणारे पापा मी कधी पाहिले नव्हते, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

वास निघायला वेळ लागला. रात्री त्यांच्या पलंगाची करकर ऐकू यायची, पण मी म्हणायचे, होईल सवय. रोज सकाळी पांगो घराखालून थोडा थोडा पुढे यायला लागला. आधी मान, मग पुढचे पाय, मग पायरीपर्यंत.

काल सकाळी आला. पापा ओट्यावर खुर्चीत बसले होते, मी उकडलेलं अंडं आणि पाव घेऊन त्यांच्याकडे वाकले होते. पांगो पायऱ्या चढला, हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि सरळ त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटले. खिडकीतून होआनीने टाळ्या वाजवल्या. "आला बघ पठ्ठ्या!" मीही हसत होते.

पापांनी त्याच्या कानामागे बोटं घातली आणि अगदी हळू म्हणाले, "खोटारडा. मी तयारी करून बसलो होतो ना रे."

हे फक्त मला ऐकू आलं, मी वाकलेली होते म्हणून. आणि त्यांचा चेहरा मी जवळून पाहिला. इतके दिवस मला वाटत होतं की हा माणूस मरणाला घाबरून जेवत नाहीये. मी त्यांची भीती घालवायला धावत होते, आणि त्यांना भीती नव्हतीच. कुत्र्याने त्यांना सांगितलं होतं की आई आता फार लांब नाही, आणि मी येऊन ते खोटं पाडलं होतं. वर त्यांच्याकडून तिची शालही काढून घेतली होती.

"अंडं खा," मी म्हटलं.

"खातो," ते म्हणाले. खाल्लंही, अर्धं. अर्धं पांगोला दिलं. मग समोर बघत बसले. "अजून किती सकाळी काढायच्या असतील गं?" त्यांनी विचारलं, वेळ विचारावी तसं.

"मला नाही माहीत, पापा," मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर टेकले.

आतून होआनी ओरडला, "पिरी, उशीर झाला! पोरं फाटकावर उभी असतील. गाडी न्यायचीय ना?"

"आज तू ने," मी म्हटलं. "मी नाही हलत इथून."